वाळूचा हुकूम

दुबईच्या उत्तरेला किनाऱ्यावर रम्स नावाचं गाव आहे, तिथे खलफानला खलफान म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, त्याची बायको अफ्रा. बाकी सगळं गाव त्याला अबू रमल म्हणायचं. वाळूचा बाप. मासळीबाजारात तेच, मशिदीच्या पायरीवर तेच, न्हाव्याच्या खुर्चीत गळ्याला वस्तरा लागलेला असतानाही तेच. त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. निदान तो तसं दाखवायचा.

खलफान भित्रा होता. हे मी त्याच्या माघारी निंदा करायची म्हणून सांगत नाही, तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. लिफ्टला भ्यायचा. मेव्हणा दलमूक दुबईत उंच इमारतीत राहायला गेला, तर हा गडी जिने चढून वर जायचा आणि दमून तिथेच सोफ्यावर आडवा व्हायचा. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवायचा. बर्फाच्या कारखान्यात मुकादम होता, पण तिथल्या वायूच्या नळ्यांकडे उभ्या जन्मात कधी पाठ करून उभा राहिला नाही. डॉक्टरला भ्यायचा, उंटाला भ्यायचा. आणि सगळ्यात जास्त भ्यायचा तो वाऱ्याला.

मग असा माणूस शर्यतीच्या गलबतावर गेलाच कसा? अहो, रम्समधे जन्मलेल्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. बाप समुद्रावर, आजा समुद्रावर, मग हा काय शेळ्या राखणार? गावातल्या एका बड्या घराचं मैसान नावाचं गलबत होतं, लांबलचक, लाकडी, एकाच अवाढव्य तिरक्या शिडाचं. बापानं खलफानला मिसरूड फुटायच्या आत तिच्यावर चढवलं. दोर हातात दिला तर याचे हात कापायचे, डोलकाठीवर चढवला तर हा डोळे मिटून घ्यायचा. शेवटी बाप वैतागला. म्हणाला, "जा, तळात वाळूवर बस. तिथून पडशील तरी कुठे!" तो जो बसला तो बसलाच.

वाळूचं असं असतं. शर्यतीच्या गलबताच्या तळात वाळूच्या गोणी भरतात. वारा जोराचा असला की तेवढं वजन पोटात हवंच, नाहीतर त्या शिडाच्या ओढीनं गलबत कुशीवर झोपतं. पण वारा पडला की तीच वाळू पायातली बेडी होते. मग गोणी उचलायच्या आणि द्यायच्या समुद्रात भिरकावून. हलकं झालेलं गलबत मंद वाऱ्यावरही सुळकन निघतं. गंमत एवढीच, की टाकलेली वाळू परत घेता येत नाही. आणि आमचं शीड आखडता येत नाही. एक तर पूर्ण वर, नाहीतर पूर्ण खाली. म्हणजे वाळू टाकल्यावर वारा परत उठला, तर माणसानं फक्त अल्लाचं नाव घ्यायचं.

म्हणून मैसानवर एक जुना रिवाज होता. वाळू टाकायचा हुकूम नाखव्यानं द्यायचा नाही. नाखव्याचा जीव पुढच्या गलबतात अडकलेला असतो, त्याला मागचं आभाळ दिसत नाही. हुकूम द्यायचा तो वाळूवाल्यानं. तो मान आधी बापाकडे होता, बाप थकल्यावर खलफानकडे आला, आणि तिथेच मैसानचं नशीब फुटलं.

कारण खलफान वाळू टाकूच द्यायचा नाही. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर सगळी गलबतं सीर बू नुएर बेटावर जायची, सकाळी तिथून दुबईच्या किनाऱ्याकडे शर्यत सुटायची. दुपारकडे वारा पडायचा. डावीउजवीकडे धपाधप गोणी पाण्यात पडायला लागायच्या. आणि मैसानवर खलफान आभाळाकडे बघत म्हणायचा, "थांबा. अजून थोडं थांबा."

"दाजी, वाळू काय सासऱ्यानं दिलीय का तुम्हाला?" दलमूक ओरडायचा. "दिली असती तर मला ठाऊक असतं, माझाच बाप तो!"

सगळे हसायचे. मैसान मागे पडायची. किनाऱ्यावर लागल्यावर लोक तिच्या तळात डोकावून, वाळू घरी सुखरूप आली ना, अशी चौकशी करायचे. आणि वारा? वारा काही यायचा नाही. खलफानची भीती इतक्या वर्षांत एकदाही खरी ठरली नव्हती. हे लक्षात असू द्या, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही उगाच त्याला शहाणा ठरवाल.

त्या वर्षी जुन्या नाखव्याचे गुडघे गेले आणि मालकानं सुकाणू दिलं हारिबच्या हातात. हारिब म्हणजे खलफानचा मुलगा. एकुलता एक. सव्वीस वर्षांचा, उंच, शांत, आणि बापाच्या अगदी उलट. बाप जिथे चाचपडायचा तिथे हा उडी घ्यायचा. पोरगा लहान होता तेव्हा खलफान त्याच्या पोहण्याच्या वेळी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून हाका मारत बसायचा. तेव्हापासून पोराच्या मनात ती अढी होती. मित्रांसमोर बाप आला की त्याची मान खाली जायची.

बातमी कळली तेव्हा अफ्रा चूल सोडून बाहेर आली. तिनं मुलाचं तोंड कुरवाळलं, त्याला आत पाठवलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "मला शर्यतीचा कप नको, बक्षिसाची गाडी नको. मला माझा मुलगा परत आणून दे. बाकी मी तुला काही मागत नाही."

"मी आहे ना," खलफान म्हणाला.

बेटावरची सकाळ स्वच्छ होती. फोनवर हवामानाचा अंदाज आला होता, दिवसभर हलका वारा, संध्याकाळी थोडा वाढेल. थंड झालेली बलालीत, म्हणजे अंडं घातलेल्या गोड शेवया, आणि खजूर सगळ्यांनी हातावरच खाल्ले. इशारा झाला तशी माणसं "या अल्ला, या अल्ला" करत दोराला लोंबकळली, शीड वर गेलं, आणि मैसान निघाली.

हारिब चांगला नाखवा होता, हे बापालाही मान्य करावं लागलं. तो ओरडत नव्हता. वाऱ्याची झुळूक पाण्यावर कुठे उमटतेय ते बघून हळूच सुकाणू वळवायचा. दुपार व्हायच्या आत मैसान पहिल्या पाचात आली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. माणसांच्या तोंडावर तेज आलं. दलमूकसुद्धा गप्प बसला, म्हणजे बघा.

आणि मग वारा पडला.

शीड लुळं झालं. पाणी तेलासारखं गुळगुळीत. पुढच्या गलबतावरून पहिली गोण पडल्याचा आवाज आला, मग दुसरी, मग सगळीकडून धपाधप. मैसानवरच्या सगळ्यांनी खलफानकडे बघितलं.

खलफाननं वायव्येला बघितलं. तिथे काही नव्हतं. खरं सांगायचं तर काहीच नव्हतं, आभाळ थोडं मळकट होतं, तसं ते उन्हाळ्यात असतंच. पण त्यानं गोणींवरचा हात काढला नाही. तो म्हणाला, "थोडं थांबू या."

"झालं! आला का मुहूर्त काढायला!" दलमूकनं कपाळाला हात लावला. "दाजी, आज तरी! पोराच्या पहिल्या शर्यतीला तरी!"

"थांबू या म्हटलं ना."

हारिबनं सुकाणू एकाच्या हातात दिलं आणि तो खाली उतरून बापाजवळ आला. लोक ऐकू नयेत म्हणून अगदी जवळ. त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. खलफान चढलेल्या आवाजाला सरावलेला होता.

"बाबा," तो हळू म्हणाला, "तुम्ही सोबत असलात की मला कुणी नाखवा समजत नाही. अबू रमलचा पोरगा समजतात. मला लहानपणापासून तेच समजतात."

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. विनवणी होती, आणि तीच खलफानला सोसवली नाही. त्यानं पुन्हा एकदा वायव्येला बघितलं, पण आता त्याला आभाळ दिसतच नव्हतं, पोराचं तोंड दिसत होतं. जन्मभर तो वाऱ्याला भ्याला, आणि त्या क्षणी पोराच्या मनातून उतरायला त्याहून जास्त भ्याला. बस, एवढीच गोष्ट आहे. तो म्हणाला, "टाका."

"काय?" दलमूकला खरं वाटेना.

"टाका म्हणतोय ना! सगळी टाका!"

आरडाओरडा झाला, हसू फुटलं, गोणी हातोहात वर आल्या आणि पाण्यात गेल्या. मैसाननं अंग झटकलं. जी काही झुळूक होती तिच्यावरही ती निघाली, चौथ्याला मागे टाकलं, तिसऱ्याला टाकलं. कुणीतरी गाणं सुरू केलं. हारिब सुकाणूवरून बापाकडे बघून हसला. असं तो किती वर्षांत हसला नव्हता, खलफानला आठवेना. तळातल्या रिकाम्या फळ्यांवर उभा राहून खलफानही हसला, आणि एका आडव्या तुळईला धरून राहिला.

शमाल, म्हणजे वायव्येचा वादळी वारा, आला तो गाणं संपायच्या आत.

आधी मागची गलबतं दिसेनाशी झाली. मग आभाळाची ती मळकट कड उठून वर यायला लागली, तपकिरी, पाण्यापासून वरपर्यंत. मग थंड हवेचा एक झोत मानेवर आला. "शीड खाली!" हारिब ओरडला. "सोडा! सोडा!"

माणसांनी दोर सोडला. शीड उतरेना. मागून आलेल्या वाऱ्यानं परबाण, म्हणजे शीड बांधलेला तिरका वासा, डोलकाठीला असं दाबून धरलं होतं, की जणू खिळे मारलेत. दलमूकनं सुरी काढून दोर कापला. दोर सरसरत वर निघून गेला आणि परबाण जागचं हललं नाही. आता तर खाली ओढायलाही काही उरलं नाही.

रिकाम्या पोटाची मैसान सुटली. वारा मागून, लाटा मागून. ती एकदा या कुशीवर झोपायची, एकदा त्या. माणसं एका बाजूला धावायची तोवर ती दुसरीकडे कलायची. उजवीकडे एक गलबत आडवं झालेलं खलफाननं बघितलं. त्याची डोलकाठी पाण्याला टेकली, पांढरे कपडे पाण्यात पसरले, आणि धुळीनं ते सगळं झाकून टाकलं. कुणीतरी कलमा म्हणायला लागलं.

खलफानच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण वाळूशिवाय त्याला जगातलं दुसरं काही येत नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच त्याच्या तोंडून ते निघालं. "तळात! सगळे तळात! पालथे पडा, वाळू होती तिथे! वजन खाली पाहिजे!"

कुणी हललं नाही. बुडत्या गलबताच्या पोटात कोण जाणार? गलबत उलटलं तर तिथल्या माणसाला वर यायला वाट नसते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खलफानला सगळ्यात जास्त ठाऊक होतं. तो पहिला उतरला. फळ्यांवर पालथा पडला. मग दलमूक शिव्या देत उतरला. मग एकेक करून बाकीचे, एकमेकांना खेटून, एकमेकांच्या पायांवर डोकी ठेवून.

वर एकटा हारिब राहिला.

तळात अंधार होता. पाणी आलं होतं, त्याला माशाच्या तेलाचा वास येत होता, आणि ते खलफानच्या हनुवटीशी हेलकावत होतं. त्याला दिसत काहीच नव्हतं. फक्त आवाज येत होता. लाट पाठीमागून उचलायला लागली की वरून हारिब ओरडायचा, "धरा!" ती निघून गेली की ओरडायचा, "गेली!" धरा. गेली. धरा. गेली. त्या ओरडण्यावर खलफानचा श्वास चालला होता. पोरगा ओरडतोय म्हणजे पोरगा आहे. मैसान अजूनही कलायची, पण आता थोडी सावरायची, परत यायची. वजन खाली बसलं होतं.

"दाजी," कानाशी दलमूक पुटपुटला, "मी मेलो तर माझ्या बायकोला सांगा..."

"तूच सांग. मी कुणाला काही सांगणार नाही. गप्प पड."

धरा. गेली. धरा.

आणि मग आवाज बंद झाला.

खलफाननं वाट बघितली. एक लाट आली, मैसानला उचलून गेली, कुणी ओरडलं नाही. दुसरी गेली. वरून फक्त वाऱ्याची किंकाळी. त्याला डोळ्यांपुढे पोरगा पाण्यात दिसला, पांढऱ्या कपड्यात, मागे मागे पडत जाणारा. अफ्रा दारात उभी असलेली दिसली. त्यानं कोपर टेकून अंग वर उचललं.

तो उठतोय हे बघून शेजारचा उठला. त्याच्या पलीकडचा उठला. भीती अशीच पसरते. बापडी माणसं गुडघ्यांवर येऊन वरच्या उजेडाकडे धडपडायला लागली, आणि त्याच क्षणी मैसान अशी कलली की सगळे एका बाजूला गडगडले आणि कडेवरून पाण्याचा लोट आत आला. ती सावरेना. तिथेच थांबली, विचार करत असल्यासारखी.

"खाली पडा!" खलफान किंचाळला. "उठू नका! कुणी उठू नका!" आणि तो स्वतः पहिला पालथा पडला. शेजाऱ्याच्या मानेवर हात टाकून त्यानं त्यालाही दाबून धरलं. हळूहळू, कण्हत, मैसान सरळ झाली.

त्यानंतर तो उठला नाही. वरून आवाज येत नव्हता आणि तो उठला नाही. मी उठलो की हे सगळे उठणार, हे उठले की गलबत उलटणार, आणि पोरगा वर असलाच तर गलबताखाली जाणार. हे सगळं त्याला कळत होतं आणि तरी त्याचे पाय आपोआप उठायला बघत होते. त्यानं स्वतःच्या दंडात दात रोवले. रक्ताची चव लागली. तो मनात म्हणत होता, या रब, मला घे, लिफ्टमधे घे, उंटाखाली घे, पण याला ठेव. अशा वेळी माणूस काहीही बोलतो.

मग वर तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. शीड फाटलं होतं. मैसाननं सुस्कारा सोडल्यासारखा वेग टाकला, आणि खलफान इतरांच्या अंगावरून, पाठींवरून, डोक्यांवरून पाय देत वर आला.

हारिब सुकाणूपाशी होता. दोन्ही हातांनी त्याला मिठी मारून. तोंड उघडं होतं, ओठ हलत होते, आणि त्यातून काहीच बाहेर येत नव्हतं. धुळीनं आणि ओरडण्यानं त्याचा घसा पार बसला होता. बाप समोर दिसल्यावरही ओठ हलतच राहिले. खलफाननं त्याला एक सणसणीत थोबाडीत मारली, आणि मग त्याला असा घट्ट धरला की दोघंही खाली बसले.

त्या दिवशी शर्यत कुणीच पुरी केली नाही. बचावाच्या होड्यांनी पाण्यातली सगळी माणसं उचलली, आडव्या झालेल्या गलबतावरचीसुद्धा. गावात मात्र खलफानचा बोलबाला झाला. वाळू संपली तर माणसांची वाळू केली, काय डोकं चालवलं! ज्यांनी जन्मभर चेष्टा केली ते कॉफीचा पेला पुढे करायला लागले. "वाळू टाकायला मीच सांगितलं होतं," हा जीव तोडून सांगायचा, पण ऐकतो कोण? लोकांना ते त्याचं मोठेपण वाटायचं. तो वैतागून घरी यायचा.

घरी वेगळीच धास्ती होती. हारिबचा आवाज आठवडा झाला तरी फुटला नव्हता. अफ्रा दुधात मध घालून देत होती. तो प्यायचा, आईकडे बघून हसायचा, पण बापाकडे बघायचा नाही. बाप खोलीत आला की हा फोनमधे डोकं घालायचा. थोबाडीत मारली म्हणून रागावला असेल, खलफानला वाटायचं. पोरगा वाचला आणि गेलाही, असं काहीतरी त्याच्या मनात यायचं.

मग एका सकाळी दोघं अंगणात जाळं सुकत घालत असताना हारिब बोलला. आवाज घोगरा, फाटका होता. "बाबा, माझा घसा बसला, त्यानंतर मी माणसांसाठी ओरडत नव्हतो. तुम्हाला हाका मारत होतो."

खलफाननं हातातलं जाळं खाली ठेवलं.

"आवाज निघत नव्हता. पण मी बाबा, बाबा म्हणत होतो. लहान पोरासारखा. मला इतकी भीती वाटली होती." त्यानं घसा खाकरला. "तुम्ही वर का आला नाहीत?"

"गलबत उलटलं असतं रे. माणसं उठली असती तर..."

"ते कळतं मला. नाखवा आहे मी, ते सगळं कळतं." हारिबनं जाळ्याचं टोक मुठीत गुंडाळलं. "तरी विचारतोय."

खलफानकडे सांगण्यासारखं एवढंच होतं, आणि ते फारच थोडं होतं.

"उठलो होतो," तो म्हणाला. "कोपरापर्यंत."

हारिबनं जाळ्याचं दुसरं टोक सोडलं, बापाजवळ आला, आणि जमिनीवर बसून त्याच्या गुडघ्याला डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागला.